फौजेतून कंपनीच्या फाटकाच्या आत

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलला ऐरोलीच्या अलीकडे दिघा गाव हे स्थानक लागते. जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झाले आणि ऐरोलीला उतरून रिक्षा पकडण्याची इथल्या लोकांची दगदग कमी झाली. या भागात एमआयडीसीचा टीटीसी पट्टा आहे; टीटीसी म्हणजे ठाणे खाडीपलीकडची औद्योगिक वसाहत. दिघ्यापासून ऐरोली, रबाळे, महापे असे पुढे जावे तसे रासायनिक कारखाने, इंजिनीअरिंगची वर्कशॉप, गोदामे, आयटी पार्क, डेटा सेंटर लागत जातात. जवळजवळ प्रत्येक फाटकावर सुरक्षा रक्षक असतो, आणि त्यांत माजी सैनिक हमखास भेटतात.

सुरक्षेचे काम मानाचेच आहे. पण ज्याने फौजेत पंधरा-वीस वर्षे जनरेटर दुरुस्त केले, ट्रकांचे ताफे हलवले, सुट्या भागांचे भांडार सांभाळले किंवा कचेरीचा सगळा पत्रव्यवहार पाहिला, त्याने दुसरे काही सुचले नाही म्हणून फाटकावर बारा-बारा तास उभे राहावे, हे मला पटत नाही. त्याच फाटकाच्या आत त्याच्या हाताला काम असते. ते त्याला मिळत नाही, कारण एखादा कागद कमी पडतो, परवाना काढलेला नसतो, आणि तयारी सुरू होते ती पेन्शनवर आल्यानंतर. म्हणून आपण सुरुवात पेन्शनच्या दोन वर्षे आधीपासून करू.

आपण ‘माजी सैनिक’ ठरता का?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सरकारी सवलतींसाठी ‘माजी सैनिक’ कोणाला म्हणायचे हे नियमाने ठरलेले आहे. पेन्शन मिळवून निवृत्त झालेला, सेवेमुळे आलेल्या आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे वैद्यकीय पेन्शनसह सोडलेला, किंवा ठरलेल्या मुदतीची नोकरी पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह मुक्त झालेला जवान त्यात बसतो. पेन्शन लागू होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला त्यात बसत नाही.

पेन्शनसाठी जवान आणि जेसीओ यांना १५ वर्षे, तर अधिकाऱ्यांना २० वर्षे सेवा लागते. घरी कोणी आजारी आहे, शेतीचा वाद आहे, म्हणून चौदाव्या वर्षी अर्ज टाकून घरी आलेली माणसे आहेत. त्यांची पेन्शन गेली, आरोग्य योजना गेली, आरक्षणही गेले. अडचण कितीही मोठी असली तरी आधी युनिटमध्ये लांब रजेचा किंवा घराजवळच्या बदलीचा मार्ग विचारावा आणि ते एक वर्ष काढावे.

नावांची तपासणी

शेवटच्या दोन वर्षांत जी रजा मिळेल तिच्यात हे काम करून टाका. आपले, पत्नीचे, मुलांचे आणि आईवडिलांचे नाव व जन्मतारीख सेवापुस्तकात जशी आहे, तशीच आधार, पॅन, बँक पासबुक आणि शाळेच्या दाखल्यावर आहे का, हे समोरासमोर ठेवून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ पत्नीच्या नावात असतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्नात मुलीचे नाव बदलत. युनिटमध्ये लग्नाची नोंद करताना जवानाने माहेरचे नाव दिलेले असते. पुढे आधार कार्ड निघते ते सासरच्या नावाने. नोकरीत असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. पेन्शनचे कागद तयार होताना मात्र दोन वेगळ्या बायका असल्यासारखे दिसते आणि फाइल थांबते. उद्या आपल्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे आहे, ते याच एका नावावर अवलंबून असते.

नोकरीत असताना दुरुस्ती सोपी असते. युनिटचा क्लार्क ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतो, म्हणजे नोंद बदलल्याचा युनिटचा अधिकृत आदेश, आणि तो रेकॉर्ड ऑफिसला जातो. पेन्शननंतर हेच काम प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार या रस्त्याने करावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. दिघ्यात बसून हा पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालतो.

फौजेतले काम नागरी भाषेत

आपला ट्रेड काय, असे विचारले की जवान दोन शब्दांत सांगतो: स्टोअरकीपर टेक्निकल, ड्रायव्हर एमटी, ऑपरेटर, नर्सिंग असिस्टंट. टीटीसीतल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या पंचवीस-तीस वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला या शब्दांवरून काहीच कळत नाही. त्यांचा दोष नाही. त्यांनी छावणी पाहिलेली नसते.

एक उदाहरण घेऊ. भांडार सांभाळणाऱ्या एखाद्या हवालदाराच्या बायोडेटात सहसा एवढेच असते: स्टोअरकीपर, १९ वर्षे सेवा, शिस्तप्रिय, प्रामाणिक, कष्टाळू. हेच असे लिहून पाहा: वाहनांच्या सुट्या भागांचे भांडार सांभाळले, आवक-जावकीची नोंद, लेजर आणि संगणकावरचा साठा जुळवला, वार्षिक मोजणी आणि लेखापरीक्षणाला सामोरा गेलो, खराब माल वेगळा काढून त्याची विल्हेवाट लावण्याची प्रक्रिया केली, हाताखालच्या माणसांच्या पाळ्या लावल्या. गोदामाच्या व्यवस्थापकाला याच गोष्टी हव्या असतात, आणि यातली एकही फुगवलेली नाही.

इथे एक पथ्य पाळावे. युनिट कोणत्या ठिकाणी होते, कोणती शस्त्रसामग्री होती, किती होती, हे बायोडेटात किंवा मुलाखतीत सांगू नये. पेन्शन आली तरी गोपनीयतेचे बंधन सुटत नाही. कामाचा प्रकार सांगा, ठिकाण आणि आकडे गाळा. समंजस मालकाचे त्यातून आपल्याविषयी चांगलेच मत होते.

यासोबत फौजेत केलेल्या प्रत्येक कोर्सचे प्रमाणपत्र गोळा करा. ‘कोर्स केला आहे, पण कागद युनिटमध्येच राहिला’ हे वाक्य पेन्शननंतर काही कामाचे नसते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा म्हणून एक पद्धत २०१३ पासून देशात आहे. कोणते कौशल्य कोणत्या पातळीचे, हे तीत ठरते. आपल्या ट्रेडची पातळी प्रमाणपत्रावर लिहिलेली असेल तर समोरच्याला तुलना करणे सोपे जाते. नसेल तर ती कशी मिळेल, हे ट्रेनिंग सेंटरला विचारून ठेवा.

पुनर्वसनाचा कोर्स

संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे. फौजेत त्याला डीजीआर म्हणतात. दक्षिण विभागाचे त्याचे कार्यालय पुण्यात आहे. पेन्शनच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी डीजीआर निरनिराळ्या संस्थांमध्ये प्रशिक्षण देते. काही अभ्यासक्रम काही आठवड्यांचे, तर काही २४ आठवड्यांपर्यंतचे असतात. अर्ज युनिटमार्फतच करावा लागतो.

इथे बहुतेकांचे चुकते ते असे: कोर्स निवडताना ‘घराजवळ कुठला आहे’ एवढेच पाहिले जाते. अनेक वर्षांनी घरी सलग राहायला मिळते, त्यामुळे हा मोह मी समजू शकतो. पण पगार चालू असताना, सरकारी खर्चाने नवे काही शिकण्याची ही संधी पुन्हा येत नाही. आधी टीटीसी पट्ट्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती महिनाभर वाचा, कोणती पात्रता वारंवार मागितली जाते ते टिपून घ्या आणि मग कोर्स ठरवा.

परवान्यावर चालणारी कामे

या टप्प्यावर जरा जास्त थांबतो, कारण निराशा सर्वांत जास्त इथेच पदरी येते. नागरी जगात काही कामे नुसत्या अनुभवावर करता येत नाहीत. कायद्याने परवाना किंवा नोंदणी लागते. फौजेत वीस वर्षे तेच काम केले असले तरी तो कागद नसेल तर कंपनीचे हात बांधलेले असतात.

ड्रायव्हरचे घ्या. सैन्याच्या गाडीचा परवाना नागरी परवान्यात बदलून घ्यावा लागतो. सैन्याचा परवाना असेल तर चाचणीत सूट देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे, पण अर्ज, कागद आणि युनिटचे पत्र लागतेच. नवी मुंबईचा पत्ता असेल तर नवी मुंबईच्याच आरटीओत हे काम होते. टीटीसीत रसायनांचे टँकर रोज ये-जा करतात. ते चालवायचे तर धोकादायक मालाच्या वाहतुकीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नोंद असलेला जड वाहनाचा शिस्तशीर चालक इथे कोणालाही हवा असतो.

इलेक्ट्रिशियनला राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून तारतंत्री किंवा पर्यवेक्षकाचा परवाना काढावा लागतो. नर्सिंग असिस्टंटला रुग्णालयात काम मिळते, पण ‘नर्स’ म्हणून नेमायचे तर परिचर्या परिषदेची नोंदणी लागते आणि तिचे शिक्षण वेगळे असते. वायुसेनेच्या तंत्रज्ञाला नागरी विमानावर सही करायची तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना हवा. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, त्यामुळे या परवान्याची चौकशी आता इकडे वाढणार. नौदलातल्या इंजिनरूमच्या माणसाला व्यापारी जहाजावर जायचे असेल तर नौवहन महासंचालनालयाच्या परीक्षा आणि प्रमाणपत्रे आहेत.

सर्वांत मोठी फसगत ‘फायर अँड सेफ्टी’ या नावाखाली होते. या नावाचा डिप्लोमा देणाऱ्या खासगी संस्था गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या काही बऱ्याही असतात, आणि त्या प्रमाणपत्रावर अग्निशमन सहायकासारखे काम मिळू शकते. पण कारखान्यातला ‘सेफ्टी ऑफिसर’ हे कायद्याने ठरवलेले पद आहे. त्यासाठी मुळात अभियांत्रिकी किंवा विज्ञानाचे शिक्षण आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. सायनची केंद्रीय श्रम संस्था असा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवते. ग्रॅच्युइटीतून मोठी फी भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारा: या प्रमाणपत्रावर माझी सेफ्टी ऑफिसर म्हणून कायदेशीर नेमणूक होऊ शकते का? उत्तर तोंडी आणि गोलमोल आले तर पैसे खिशातच ठेवा.

घरी आल्यावरचे पहिले काम

डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीची पुस्तिका, हा आपला पुढच्या आयुष्याचा मूळ कागद. त्यात सेवेचा कालावधी, हुद्दा, ट्रेड, वैद्यकीय श्रेणी आणि ‘एक्झेम्प्लरी’, ‘व्हेरी गुड’ असा चारित्र्याचा शेरा असतो. पुस्तिका हातात पडल्याबरोबर प्रत्येक पान वाचा; चूक तिथेच दाखवा. तिच्याबरोबर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, पदवी समकक्षतेचे प्रमाणपत्र आणि ट्रेडचे प्रमाणपत्र मागून घ्या. सगळ्याच्या प्रती स्कॅन करून पत्नीच्या मोबाइलवरही ठेवा.

पुढची पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. दिघा नवी मुंबई महापालिकेत असले तरी जिल्हा ठाणे आहे, म्हणून कार्यालय ठाण्याचे. एक घोळ इथे नेहमी होतो. भरतीच्या वेळी गावचा पत्ता दिलेला असतो, सातारा, सांगली, अहिल्यानगर, बुलढाणा असा. त्यामुळे सेवामुक्तीचे कागद त्या जिल्ह्याच्या कार्यालयात जातात. जवान इकडे ठाण्यात जाऊन उभा राहतो आणि त्याची फाइलच नसते. आपण कायमचे दिघ्यात राहणार असाल तर मूळ जिल्ह्यातून नोंद ठाण्याला वर्ग करून घ्या.

याच कार्यालयात माजी सैनिकाचे ओळखपत्र निघते आणि नोकरीसाठी नाव नोंदवले जाते. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर केले नाही तर ज्येष्ठता जाते, हे लक्षात ठेवा. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे. मेस्को हे राज्याचे माजी सैनिक महामंडळही पुण्याचेच, आणि ते सुरक्षेसह निरनिराळ्या कामांसाठी माजी सैनिक पुरवते.

उपचारांसाठी ईसीएचएस आहे. माजी सैनिकांची ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. वर्गणी एकदाच कापली जाते आणि पती-पत्नींना तिचा आयुष्यभर लाभ मिळतो. कार्ड आल्यावर जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये एकदा सहकुटुंब जाऊन या. तातडीची वेळ सोडली तर तिथून संदर्भपत्र घेऊनच मान्यताप्राप्त रुग्णालयात जायचे असते, ही पद्धत आजारपणाच्या रात्री समजून घ्यायची वेळ येऊ नये.

पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून येते. वर्षातून एकदा हयातीची नोंद करावी लागते. राहिली तर पेन्शन थांबते. स्पर्शच्या नावाने फोन करून ओटीपी मागणारे भामटे आहेत. असा फोन आला की सरळ बंद करावा.

हाती आलेली रक्कम

ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, गट विम्याची रक्कम, शिल्लक रजेचे पैसे आणि अंशराशीकरण असे सगळे मिळून बऱ्यापैकी मोठी रक्कम एकदम खात्यात येते. अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ, एकरकमी घेणे. सैनिकांना तो ५० टक्क्यांपर्यंत घेता येतो आणि १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. तोवर दरमहा पेन्शन तेवढी कमी येते, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

हा पैसा घरात घालण्याची घाई सगळ्यांनाच असते, आणि दिघ्यात ती घाई महागात पडू शकते. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर इथे उभ्या राहिलेल्या नव्वदहून अधिक अनधिकृत इमारतींवर कारवाई करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. इमारती पडू लागल्या तेव्हा रस्त्यावर आली ती पै-पै साठवून घर घेतलेली कुटुंबे. घर घेताना जमीन कोणाची, बांधकाम परवानगी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का, नवा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा नोटरी केलेल्या कागदावर घर घेऊ नका, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.

राहत्या घराच्या मालमत्ता करात माजी सैनिकांना राज्य शासनाच्या योजनेतून सवलत आहे. महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करा.

पहिले सहा महिने ही रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दरमहा दोन-तीन टक्के देतो म्हणणारा पाहुणा त्या सहा महिन्यांत नक्की येतो.

सरकारी नोकरी

महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांमध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत राखलेल्या जागा. त्यामुळे आपण ज्या प्रवर्गातून अर्ज करणार त्याचे जातीचे प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअरही लागते. सतरा वर्षे घराबाहेर असलेल्या माणसाकडे नेमके हेच कागद नसतात. ते काढायला वेळ लागतो; नोकरीत असतानाच्या रजेतच सुरुवात करा. अधिवास प्रमाणपत्रही त्यातच उरका.

केंद्र सरकारच्या गट क पदांत हे आरक्षण १० टक्के आहे. राष्ट्रीयीकृत बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत अपंग माजी सैनिक व शहिदांच्या कुटुंबीयांचा वाटा धरून १४.५ टक्के.

वयाची भीती बाळगू नका. प्रत्यक्ष वयातून सैन्यसेवेचा काळ वजा करायचा आणि वर तीन वर्षांची सूट धरायची. समजा आपले वय ४१ आणि सेवा १७ वर्षे. ४१ मधून १७ गेले, उरले २४, त्यातून आणखी ३ गेले की २१. पदाची कमाल मर्यादा २७ असेल तरी आपण आरामात बसता.

पदवी नाही म्हणून अर्ज न करणारे खूप आहेत. दहावी किंवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र आणि १५ वर्षे सेवा असेल, तर गट क मधील पदवी मागणाऱ्या पदांसाठी पात्र धरले जाते, मात्र त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता लागत नसावी. खासगी कंपनीवर हा नियम बंधनकारक नाही. म्हणून पदवी खरोखर पूर्ण करता येत असेल तर इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून करावी.

राज्याच्या कार्यालयीन पदांना एमएस-सीआयटी आणि टंकलेखनाच्या पदांना शासनाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते, मराठी टंकलेखन धरून. फौजेत क्लार्क म्हणून इंग्रजीत बोटे कितीही चालत असली तरी हा कागद वेगळाच असतो. ऐरोली-ठाण्यात याचे वर्ग आहेत.

आणखी एक बारकावा. माजी सैनिक म्हणून सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर पुढच्या सरकारी नोकरीसाठी ते आरक्षण सहसा पुन्हा मिळत नाही. केंद्रात यातून एक वाट ठेवलेली आहे: रुजू होण्याआधी दुसऱ्या कोणत्या पदांसाठी अर्ज केले आहेत, त्यांची तारखांसह यादी रुजू होतानाच लिहून द्यायची. ही यादी न दिल्यामुळे हातची चांगली नोकरी गेल्याची उदाहरणे आहेत.

वर्दी सोडवत नसेल त्यांच्यासाठी संरक्षण सुरक्षा दल, म्हणजे डीएससी आहे. त्याचे केंद्र केरळात कन्नूरला. त्यात भरतीसाठी वयाची आणि पेन्शननंतरच्या काळाची मर्यादा असते, तेव्हा विचार लवकर करा.

खासगी नोकरी

मुलाखतीला जाताना दोन गोष्टींची तयारी असू द्या: संगणकावर एक्सेलमध्ये साधा तक्ता करता येणे, आणि स्वतःच्या कामाविषयी पाच मिनिटे शांतपणे बोलता येणे. समोरचा वयाने लहान असेल आणि पहिल्या भेटीत ‘अरे काका’ म्हणेल. सुभेदार साहेबांना ते लागते, हे खरे आहे. तरीही त्या क्षणी हुद्दा आठवून आवाज चढवू नये. महिन्या-दोन महिन्यांत आपल्या कामावरून तोच मुलगा ‘सर’ म्हणू लागतो, असे मी पाहिले आहे.

पगाराचे बोलणे फौजेत कधी करावे लागत नाही, त्यामुळे बहुतेकजण पहिल्या आकड्याला मान डोलावतात. कंपनी सांगते तो आकडा सहसा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणारा एकूण वार्षिक खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, बोनस सगळे धरलेले असते. हातात महिन्याला किती येणार, हे विचारा. ‘तुम्हाला पेन्शन आहेच ना’ असे म्हणून पगार कमी सांगितला तर नम्रपणे सांगा की पेन्शन मागच्या कामाची आहे.

टीटीसीत बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे, पीएफचा यूएएन क्रमांक मिळेल का, पगारचिठ्ठी मिळेल का, पाळी आठ तासांची की बारा, जादा तासांचा दर काय, हे आधी विचारा. नोकरी देण्यासाठी पैसे किंवा मूळ कागदपत्रे ठेवून घेणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. डिस्चार्ज बुकची मूळ प्रत कोणाच्याही कपाटात ठेवायची नसते.

विचार करून सुरक्षेचेच क्षेत्र निवडले असेल तर ते नीट निवडा. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. संस्थेला परवाना आहे का, ते पाहा. रक्षकांना १६० तासांचे प्रशिक्षण लागते, माजी सैनिकांना केंद्राच्या नियमांत ५६ तासांचे संक्षिप्त पुरते. ठाणे जिल्ह्यासाठी बृहन्मुंबईसह सुरक्षा रक्षक मंडळ आहे, राज्याच्या १९८१ च्या कायद्याखालचे. मंडळाच्या रक्षकाला वेतन आणि सुविधांचे संरक्षण जास्त असते. गनमनची जागा घेण्याआधी शस्त्र कोणाचे आणि परवाना कोणाच्या नावावर, हे लेखी पाहा. पर्यवेक्षक, नियंत्रण कक्ष, सीसीटीव्ही आणि आग सूचना यंत्रणा सांभाळणे या जागांकडे नजर ठेवा. डेटा सेंटरमध्ये अशा कामांना जबाबदार माणसे लागतात.

नोकरी लागली की पेन्शन बंद होईल का, असे घरोघरी विचारतात. खासगी नोकरीत पेन्शन जशीच्या तशी चालू राहते. मात्र पेन्शन आणि पगार दोन्हींवर मिळून प्राप्तिकर लागतो. कंपनी फक्त पगार पाहून कर कापते, पेन्शन देणारे फक्त पेन्शन पाहतात, आणि विवरणपत्र भरताना एकदम बाकी निघते. कंपनीच्या लेखा विभागाला पेन्शनची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा.

पहिले काही महिने जड जातात. फौजेत काम कोणी, केव्हा, कसे करायचे हे आदेशात असते. कंपनीत साहेब व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धे वाक्य लिहितो आणि उरलेले आपण समजून घ्यायचे असते. अशा वेळी ‘म्हणजे हे उद्या दुपारपर्यंत हवे आहे ना?’ असे परत लिहून विचारावे. घरातही आपण नसताना पत्नीने सगळा कारभार उभा केलेला असतो, शाळेच्या फीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत. तो लगेच आपल्या हाती घ्यायला जाऊ नका. पहिले वर्ष तिच्या पद्धतीने चालू द्या.

अग्निवीरांसाठी वेगळे

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील मुलांना वरचे बरेचसे लागू होत नाही. सेवा चार वर्षांची. २५ टक्क्यांपर्यंत मुले कायम होतात. बाकीच्यांना साधारण ११.७१ लाख रुपयांचा करमुक्त सेवानिधी मिळतो. पेन्शन आणि ईसीएचएस मिळत नाही. लष्करातल्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीस सुरू झाले, म्हणजे ही मुले आता घरी परतण्याच्या बेतात आहेत.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्स यांत त्यांच्यासाठी राखीव जागा आणि वयाची सूट जाहीर झालेली आहे, पण शारीरिक आणि लेखी परीक्षा द्यावीच लागते. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीराला बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्राची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून आहे. ते आणि कौशल्य प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय युनिट सोडू नये. वय तेवीस-चोवीसचे असते; आयटीआय, पदविका किंवा पदवी पूर्ण करायला हे वय उत्तम.

घरच्यांसाठी एक विनंती. सेवानिधीची रक्कम बहिणीच्या लग्नात किंवा नव्या गाडीत जाण्याआधी त्यातून मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या शिक्षणाचा आणि जेवणाखाणाचा खर्च बाजूला काढून त्याच्याच नावाने ठेवीत टाका, आणि मग उरलेल्या पैशांचे काय करायचे ते त्याला विचारा.